चाळीस हजारांनी पाहिलं, बारा मोटारी निघाल्या

पत्रलेखिका १९ वर्षांची आहे. जालना जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या एका गावातून ती जुलैमध्ये छत्रपती संभाजीनगरला पत्रकारितेच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला आली आणि वसतिगृहात राहते. ती लिहिते की वर्गात ‘दर्पण’ या पहिल्या मराठी वृत्तपत्राचा इतिहास, संज्ञापनाची (कम्युनिकेशनची) प्रारूपं आणि इंग्रजी नोट्स चालतात, वर्गातलीच काही मुलं मात्र स्वतःचं चॅनल काढून, बूम (चॅनलचा माइक) घेऊन पुढाऱ्यांच्या गराड्यात उभी असतात. तिच्या इन्स्टाग्रामवर सहा हजार फॉलोअर्स आहेत. पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, नाथसागर, भरत आला असताना तिला व्हॉट्सॲपवर धरणाचे दरवाजे उघडल्याचा व्हिडीओ आला. ‘जायकवाडीचे सगळे दरवाजे उघडले, गोदाकाठ सावध राहा’ असा आवाज देऊन तिने तो रात्री साडेनऊला टाकला. मध्यरात्रीपर्यंत चाळीस हजार व्ह्यूज झाले. व्हिडीओ जुना निघाला. त्या रात्री तसा विसर्ग झालाच नव्हता. सकाळी तिने तो गुपचूप काढून टाकला. पण गावातल्या बारा जणांनी रात्री दोनला नदीवरच्या, पाणी उपसायच्या मोटारी काढल्या होत्या. ‘पोरी, तुह्या व्हिडिओपायी रातभर नदीत होतो आम्ही,’ एवढंच काका म्हणाले. तेव्हापासून तिने काहीच पोस्ट केलेलं नाही. दरम्यान बातम्यांच्या एका पोर्टलने पाच हजार रुपये भरून ‘तालुका प्रतिनिधी’ व्हा, कार्ड आणि बूम देतो, असं बोलणं लावलं आहे. तिचे प्रश्न असे: सोशल मीडिया कायमचा सोडू का? की कॉलेज हजेरीपुरतं ठेवून पोर्टलला जाऊ? आणि इतकी मोठी चूक करणाऱ्या मुलीने या क्षेत्रात राहावं का? (ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

तुझ्या पत्रात व्ह्यूजचा आकडा चार वेळा आला आहे आणि मोटारींचा एकदाच, तोही काकांच्या तोंडून. सुरुवात तिथूनच करू.

चाळीस हजारांतल्या बहुतेकांनी तो व्हिडीओ पाहिला आणि अंगठा वर सरकवला. तुझ्या गावच्या बारा जणांनी मात्र झोपेतून उठून बॅटऱ्या घेतल्या, स्टार्टर बंद केले, पाइप सोडवले, केबल गुंडाळली आणि काळोखात, निसरड्या काठावरून मोटारी ओढून वर आणल्या. त्यांनी तुझं बोलणं बातमी म्हणून घेतलं, कारण बोलणारी पोरगी ओळखीची होती. चाळीस हजार हा आकडा इन्स्टाग्रामने तुला दाखवला. बारा हा आकडा तुला काकांशी बोलल्यामुळे कळला. दोन्हींतला कोणता मोजायचा, एवढं ठरलं की तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं बरीचशी सुटतात.

तू लिहितेस की चूक सोशल मीडियामुळे झाली. मला तसं वाटत नाही. त्याच फोनवरून तुला पैठणला फोन लावता आला असता. तुझा हेतूही चांगला होता. लोकांना सावध करायचं होतं आणि उशीर नको होता. अडचण अशी की तुझ्या त्या एका वाक्यात धरणाविषयीची माहिती जवळजवळ काहीच नव्हती. ते वाक्य उघडून पाहू, कारण पुढच्या पावसाळ्यात गोदाकाठच्या प्रत्येक पोराला हे लागणार आहे.

जायकवाडीला २७ दरवाजे आहेत. त्यातले १८ नेहमीचे आणि ९ आपत्कालीन. त्यामुळे ‘दरवाजे उघडले’ या शब्दांना एकट्याने अर्थ नाही. किती दरवाजे, किती फुटांनी, किती वाजता आणि त्यातून किती क्युसेक, हे चारही सांगावे लागतात. १८ दरवाजे अर्ध्या फुटाने उचलले तर साधारण साडेनऊ हजार क्युसेक पाणी सुटतं. तेच दरवाजे चार फुटांवर गेले की आकडा कितीतरी पटींनी वाढतो. गावकऱ्याला मोटार काढायची की नाही, हे ठरवायला हाच फरक लागतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. ११,५७४ क्युसेक पाणी अख्खा दिवस वाहिलं की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, होतो. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

आणखी दोन घोळ दरवर्षी होतात. पहिला आवक आणि विसर्गाचा. वरून, नाशिक-अहिल्यानगरकडून धरणात येणारं पाणी ही आवक; धरणातून गोदेत सोडलेलं पाणी हा विसर्ग. आवकेचा मोठा आकडा विसर्ग म्हणून फिरला की शहागडपासून गंगाखेडपर्यंत धावपळ उडते. दुसरा घोळ टक्क्यांचा. धरण ‘शंभर टक्के’ म्हणजे उपयुक्त साठा पूर्ण, तो ७६.६५ टीएमसी. त्याखाली सुमारे २६ टीएमसी मृतसाठा वेगळा असतो. म्हणूनच उन्हाळ्यात ‘शून्य टक्के’ असतानाही धरणात पाणी दिसतं आणि मग कुणीतरी त्याचा व्हिडीओ काढून ‘सरकार खोटं बोलतंय’ असं लिहितं.

आता त्या व्हिडीओकडे. तो तपासायला वीस मिनिटं पुरली असती.

आधी फॉरवर्डची खूण पाहायची. दुहेरी बाण आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असं दिसलं तर तो मजकूर किमान पाच हातांतून आला आहे, म्हणजे पाठवणाऱ्याला त्याचा उगम माहीत असण्याची शक्यता फार कमी. तरी त्याला विचारायचं, ‘तू स्वतः काढलास का? नसेल तर कुणाकडून आला?’ ही साखळी सहसा तिसऱ्या माणसापाशी तुटते, आणि ती तुटली हीच एक माहिती असते. मग व्हिडीओ थांबवून तीन-चार ठिकाणचे स्क्रीनशॉट घ्यायचे. नुसत्या पाण्याचे नको. पाणी सगळीकडे सारखंच दिसतं. कठडा, पाटी, दरवाजावरचा क्रमांक, मागची इमारत, विजेचा खांब असं काही चौकटीत हवं. त्यावरचा मजकूर आणि चॅनलचा लोगो कापून टाकायचा, कारण शोध त्या अक्षरांच्या मागे भरकटतो. मग गुगल लेन्समध्ये टाकायचं. तेच चित्र जुन्या तारखेला सापडलं तर विषय संपला. सापडलं नाही तर मात्र व्हिडीओ नवा आहे असं सिद्ध होत नाही. नवशिके इथेच घसरतात.

त्यानंतर फोन. प्रत्येक जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. पैठणच्या धरण नियंत्रण कक्षाचा आणि तुमच्या तहसील कार्यालयाचा क्रमांक पाऊस सुरू होण्याआधीच मिळवून ठेवायचा; पुराच्या रात्री क्रमांक शोधत बसलं की तो सापडत नाही. फोनवर ‘पाणी सोडलंय का?’ एवढंच विचारू नकोस, त्याचं उत्तर ‘हो, सोडलंय’ असंच येईल. विचार, ‘आता किती दरवाजे किती फुटांनी उघडे आहेत, विसर्ग किती, किती वाजल्यापासून, आणि रात्रीत वाढवणार आहात का?’ बोलणाऱ्याचं पद आणि घड्याळातली वेळ लिहून घे. पैठणमध्ये वर्गातलं कुणी असेल तर त्याला आत्ता फोटो काढून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांग. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो आपली तारीख आणि ठिकाण गमावून बसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ते सोबत येतं.

तू म्हणशील, एवढं करेपर्यंत खरंच पाणी आलं तर? प्रश्न रास्त आहे. अशा वेळी गप्प बसायचं नाही, पण जेवढं ठाऊक तेवढंच, ठाऊक म्हणून सांगायचं. ‘जायकवाडीचा एक व्हिडीओ फिरतो आहे. तो आजचा आहे का याची खात्री झालेली नाही. ९:४० ला नियंत्रण कक्षाला फोन लावला आहे, कळलं की इथेच सांगते. तोवर १०७७ वर स्वतः विचारा.’ आणि तो व्हिडीओ जोडायचा नाही. शब्द कितीही सावध असले तरी चित्र त्यांच्यापुढे धावतं.

व्हिडीओ गुपचूप काढून टाकलास, याबद्दल मात्र मी तुला स्पष्ट सांगतो: ही दुसरी चूक होती, आणि पहिलीपेक्षा सुधारायला सोपी आहे. तू तुझ्या खात्यावरून काढलास. डाउनलोड झालेल्या प्रती गटागटांत पडून आहेत, तुझ्या आवाजासकट. पुढच्या ऑगस्टमध्ये नाथसागर भरत आला की तो पुन्हा फिरू लागेल आणि त्या वेळी गावकऱ्यांना वाटेल, पोरगी सांगतेय म्हणजे खरं असेल. म्हणून दोन महिने उलटले तरी दुरुस्ती हवी.

ती स्टोरीवर टाकू नकोस. २४ तासांत ती नाहीशी होते आणि ज्यांनी मूळ रील पाहिलं त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. रील चुकलं होतं, दुरुस्तीही रीलच हवी. पहिल्या तीन सेकंदांत चूक सांग, कारण बरेच जण तेवढंच पाहतात: ‘सप्टेंबरमध्ये जायकवाडीचे सगळे दरवाजे उघडल्याचा जो व्हिडीओ मी टाकला होता, तो जुना होता. त्या रात्री तसा विसर्ग झाला नव्हता.’ मग काय तपासलं नाही ते एका वाक्यात, आणि आता काय तपासतेस ते दोन वाक्यांत. ‘मला फॉरवर्ड आला होता’ म्हणून दुसऱ्यावर ढकलू नकोस, आणि रडूही नकोस. लोकांना तुझं दुःख नको, माहिती हवी आहे. ते रील प्रोफाइलवर पिन करून ठेव. इन्स्टाग्राम तीन पोस्ट पिन करू देतं, त्यातली एक जागा पुढचा पावसाळा संपेपर्यंत हिला दे. मग तेच गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साध्या मजकुरात टाक, कारण मोटारी काढणारे बहुतेक तिथेच असतात. आणि इथून पुढे मजकूर चुकला तर लक्षात ठेव: व्हॉट्सॲपवर ‘सर्वांसाठी डिलीट’ साधारण अडीच दिवसच करता येतं, इन्स्टाग्रामवर ओळी बदलता येतात पण व्हिडीओ बदलता येत नाही. म्हणून तारीख आणि वेळ व्हिडीओवरच लिहायची सवय लाव. तारीख असलेला व्हिडीओ पुढच्या वर्षी कुणाला सहजासहजी फसवत नाही.

तुझ्या हातून बारा जणांची झोप गेली. तेवढ्यावर निभावलं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ती अफवा फिरवणाऱ्यांतल्या कित्येकांना वाटत होतं की आपण आयाबायांना सावध करतो आहोत. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. चांगला हेतू तपासणीची जागा घेत नाही, हे वर्गात ऐकून पटत नाही. तुला ते अनुभवातून पटलं आहे आणि कुणाचा जीव न जाता पटलं आहे.

आता वर्ग. तुला वाटतं की तिथे जुनं शिकवतात आणि खरी पत्रकारिता बाहेर, बूमभोवती चालली आहे. या समजुतीत थोडं खरं आहे. प्रारूपांच्या आकृत्या पाठ करून कुणी बातमी लिहायला शिकत नाही, आणि मोबाइलवर ध्वनी-चित्र संपादन पहिल्याच सत्रात शिकवायला हवं. पण बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढलं तेव्हा त्याच्या पानावर मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारीशेजारी असे. आपण कुणासाठी लिहितो आणि त्याची भाषा कोणती, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता, आज तुझ्यापुढे आहे. तारीख परीक्षेपुरती पाठ कर. तो प्रश्न मात्र वर्गात विचार.

आणि आपल्या भागाचा इतिहास कुणी शिकवत नसेल तर स्वतः वाच. निजामाच्या हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी संस्थान भारतात विलीन व्हावं म्हणून लिहिलं आणि १९४८ च्या ऑगस्टमध्ये रझाकारांनी त्यांचा खून केला. १७ सप्टेंबर, हैदराबाद मुक्तीचा दिवस, त्यानंतर महिन्याच्या आत उजाडला. मुक्तिसंग्रामातून आलेल्या अनंत भालेरावांनी ‘मराठवाडा’ दैनिक चालवलं आणि आणीबाणीत तुरुंगवास पत्करला. त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता की व्ह्यूज नव्हते. कुठलं वाक्य आपलं आणि कुठल्या वाक्याची किंमत मोजायची तयारी आहे, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

कॉलेजात मिळणारी आणि चॅनलवर न मिळणारी गोष्ट एकच आहे: बाहेर जाण्याआधी तुझा मजकूर वाचणारी दुसरी व्यक्ती. वृत्तपत्रात ती उपसंपादक असते. तुझ्या रात्री साडेनऊच्या रीलला ती नव्हती. वसतिगृहातल्या एका मैत्रिणीने ‘हे आजचंच कशावरून?’ एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. म्हणून वर्गातल्या दोघींना धरून नियम करा: एकीचं दुसरीने पाहिल्याशिवाय काही बाहेर जाणार नाही. आणि त्या रात्रीची हकिगत एखाद्या विश्वासातल्या सरांना किंवा मॅडमना सांग. त्यांच्या परवानगीने वर्गात तपासणीचं प्रात्यक्षिक म्हणून मांड. पहिल्या वर्षाला याहून चांगला सराव प्रकल्प मिळणार नाही.

रोजच्या सरावासाठी एक काम. ग्रंथालयात दोन मराठी वृत्तपत्रांतली एकाच घटनेची बातमी घे, अपघात, पाणीटंचाई, काहीही. प्रत्येक वाक्याखाली लाल पेनाने लिही, हे कुणी सांगितलं. पोलिसांनी, प्रत्यक्षदर्शीने, कागदाने, की कुणीच नाही? ‘असे समजते’, ‘चर्चा आहे’ ही वाक्यं वेगळी काढ. मग दोन्हींतली फक्त नाव-गाव असलेली माहिती घेऊन दीडशे शब्दांत बातमी लिही, एकही विशेषण न वापरता. रोज चाळीस मिनिटं, तीन महिने. त्यानंतर तुला रीलमधली बिनबुडाची वाक्यं आपोआप टोचायला लागतील.

इंग्रजीचा न्यूनगंड तू दोन वेळा लिहिला आहेस. इंग्रजी लागतेच: न्यायालयाचे निकाल, केंद्राचे अहवाल, कंपन्यांचे कागद त्याच भाषेत येतात. रोज एक पान कोश घेऊन वाच, दोन वर्षांत वाचता येईल. पण शासन निर्णय मराठीत निघतात आणि फेरफार, पंचनामा, पैसेवारी (पीक किती आलं याचा सरकारी अंदाज) हे शब्द तुला ऐकून ठाऊक आहेत. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली म्हणजे गावात काय घडतं, हे शहरात वाढलेल्या बातमीदाराला समजावून घ्यावं लागतं. तुझ्या घरी त्यावर जेवताना बोलणं होत असेल. वर्गातल्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना हे शिकायला जितका वेळ लागेल, तितकाच तुला त्यांची भाषा शिकायला लागेल.

पोर्टलचं उत्तर छोटं आहे: जाऊ नकोस. काम करणारा पैसे घेतो, भरत नाही. पाच हजार भरल्यावर तुला पगार मिळणार नाही. ‘जाहिरात आण, त्यात तुझा टक्का’ असं सांगतील. म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरात ज्या सभापतींकडून आणायची, त्यांनाच रस्त्याच्या कामाचा प्रश्न विचारायचा. हे दोन्ही एका तोंडाने होत नाही. शिवाय तू काढलेले व्हिडीओ त्यांच्या चॅनलवर जातात. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं जाणं लागतं. ते तास तुझ्या गावाने भरायचे आणि चॅनल त्यांचं राहायचं. राहिलं कार्ड. राज्य शासनाची अधिस्वीकृती, म्हणजे पत्रकार म्हणून मान्यता, माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून, समितीने छाननी केल्यावर मिळते. पोर्टलने छापलेल्या कार्डाने कायद्याने एकही दार उघडत नाही. ग्रामसभेत तू मतदार म्हणून बसू शकतेस, माहितीचा अधिकार नागरिक म्हणून वापरू शकतेस. पत्रकाराची ही दोन मोठी हत्यारं कार्डाशिवाय तुझ्याकडे आहेत.

स्वतःचं खातं चालू ठेव, पण त्याचा विषय लहान कर. सगळ्या महाराष्ट्राच्या ब्रेकिंग बातम्या द्यायला शेकडो जण बसलेत. पैठणच्या खालच्या पंचवीस-तीस गावांसाठी पावसाळ्यात रोज संध्याकाळी सात वाजता पाणीपातळी, टक्केवारी, आवक, विसर्ग, माहिती कुणी दिली आणि किती वाजता, एवढंच सांगणारं कुणी आहे का, ते बघ. तीस सेकंदांचं काम आहे. उरलेल्या आठ महिन्यांत त्याच गावांचे बाकीचे प्रश्न. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, पण तुमच्या गावाला मुक्कामी गाडी येते का? शाळकरी पोरी परततात तेव्हा शेवटची गाडी किती वाजता असते, आणि आठवड्यातून किती दिवस ती येतच नाही? आठ दिवस थांब्यावर बसून वेळा लिहिल्यास तर बातमी तयार होते, आणि ती कुणाला नाकारता येत नाही.

दोन ठिकाणी मात्र कॅमेरा खिशातच ठेव. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. बालकांसाठी पोक्सो कायद्याचं कलम २३ आहे. नाव गाळून गाव, शाळा आणि आरोपीशी नातं सांगितलं तरी ओळख पटते, हे विसरू नकोस. आणि शेतकरी आत्महत्येच्या घरी गेलीस तर रडणाऱ्या माउलीवर दुःखी संगीत लावलेलं रील करू नकोस. मृत्यूची पद्धत नको, चिठ्ठी नको, लेकरांचे चेहरे नकोत. बँकेचं कर्ज किती, सावकाराचं किती, विमा मिळाला का, मदतीचा प्रस्ताव तहसीलमध्ये कुठे अडकला, हे चार दिवसांनी, त्या घराला सोयीचं असेल तेव्हा जाऊन विचार. तेव्हा तिथे दुसरं कुणी आलेलं नसतं.

घरची काळजी रास्त आहे, तीही ऐक. खात्यासाठी वेगळा क्रमांक घे, दोन टप्प्यांची पडताळणी चालू कर, वसतिगृह ओळखू येईल असं काही टाकू नकोस आणि थेट ठिकाण तिथून निघाल्यावरच सांग. घाणेरड्या संदेशांचे स्क्रीनशॉट ठेवून मगच ब्लॉक कर. आधी ब्लॉक केलं तर पुरावा काढणं जड जातं.

राहिला तिसरा प्रश्न, तू या क्षेत्रात राहावंस का. त्याचं उत्तर पत्रावरून देता येत नाही, पण एक गोष्ट मला पत्रात दिसली. काकांनी जे म्हटलं ते तू त्यांच्याच शब्दांत, ‘तुह्या’ आणि ‘रातभर’ तसंच ठेवून लिहिलंस. स्वतःच्या विरोधातलं वाक्य सौम्य न करता उतरवणं सगळ्यांना जमत नाही.

तेव्हा दुरुस्तीचं रील करण्याआधी काकांना फोन लाव. सुट्टीत गावी जाशील तेव्हा बाराही जणांकडे जा, चूक सांग, आणि मग वही काढून त्यांना विचार: एक मोटार काढायला किती माणसं आणि किती वेळ लागला? मजुरी गेली का? पुन्हा बसवताना कुणाची केबल किंवा फूटव्हॉल्व खराब झाला का? आणि शेवटी हा प्रश्न: त्या रात्री खरंच पाणी सुटलं असतं, तर तुम्हाला कुणी आणि किती वाजता सांगितलं असतं? तलाठ्याने, पोलीस पाटलाने, की दवंडीने? की माझ्या रीलवरच विसंबून राहिला असता?

उत्तरं जमली की माहितीच्या अधिकारात एक अर्ज कर. अर्जात ‘का’ विचारू नकोस, कारणं द्यायला माहिती अधिकारी बांधील नसतो, कागद माग. धरणाच्या कार्यालयाकडे मागच्या पावसाळ्यात विसर्ग प्रत्येक वेळी वाढवल्याच्या नोंदवहीची प्रत, आणि दरवेळी खालच्या तहसील कार्यालयांना पाठवलेल्या सूचनांच्या तारीख-वेळेसह प्रती. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो, त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. प्रतींचे पानाला दोन रुपये. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याचे वीस रुपये. धरणातून सूचना निघाल्याची वेळ आणि गावात ती पोहोचल्याची वेळ, दोन्ही शेजारीशेजारी लिही. मध्ये किती तास गेले ते काढ, आणि तो कागद घेऊन आधी तहसीलदारांकडे उत्तर मागायला जा, नंतर वर्गातल्या सरांकडे, आणि सगळ्यात शेवटी इन्स्टाग्रामवर.